फीड पंप, ऑइलचा दिवा आणि आंबा घाट: जुन्या गाडीच्या एका दुरुस्तीची हकिगत

आमची गाडी २००९ सालची. सहाचाकी, चार सिलिंडरची, इनलाइन पंपाची. सेन्सर आणि कॉम्प्युटर नसलेली. दिरांनी घेतली होती. ते मुंबईला गेले तेव्हापासून गाडीची वही, विमा, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि ड्रायव्हरकाकांचा पगार माझ्याकडे आला. एप्रिल-मे महिन्यांत ती पावसच्या आसपासच्या बागांमधला हापूस कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेते. एरवी चिरे, खत, सिमेंट, मिळेल ते.

मी मेकॅनिक नाही. पण २०२३ च्या हंगामात या गाडीने जे दाखवलं ते तारखेनिशी वहीत उतरलेलं आहे. त्या वेळी मला कोणी सरळ क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे. ज्यांच्याकडे एकच जुनी गाडी आहे आणि जे फिटर म्हणेल त्यावर मान डोलवण्याखेरीज काही करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी.

पहिली तक्रार गुढीपाडव्यानंतर आली. सकाळी गाडी लवकर चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. मग काका बॉनेट उघडून फीड पंपावरचा हँड पंप दाबत बसायचे, आणि पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर गाडी चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर ठीक. चढावर मात्र, काकांच्या शब्दांत, "वैनी, जीवच नाय तिच्यात." हातखंब्यापर्यंत काही कळायचं नाही. साखरपा सोडून आंबा घाट लागला की दुसऱ्या गिअरमध्येही दम लागायचा.

रत्नागिरीच्या फिटरने दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, एअर (डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा) काढली. नऊशे रुपये. आठवडाभर गाडी सुधारली, मग पुन्हा तेच. हे नंतर मला उलगडलं: फिल्टर बदलताना सगळी लाइन हाताने भरून घेतली होती, म्हणून ती थोडे दिवस बरी वाटली. फिल्टरने आजार गेला असं त्यावरून ठरत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डिझेलची टाकी खाली असते, इंजिनचा मोठा पंप, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणारा इनलाइन पंप, वर. मधलं डिझेल ओढून वर आणायचं काम फीड पंपाचं. तो मोठ्या पंपाच्या कुशीलाच बसवलेला असतो आणि त्याच पंपाच्या कॅमवर (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर) चालतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी, म्हणजे तिथे गळती असली तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून "कुठे ओलं नाही, म्हणजे लाइन चांगली" हे जे आपण ऐकतो ते अर्ध्या लाइनपुरतंच खरं. फीड पंपाच्या पुढे गळालं तर दिसतं, मागे गळालं तर दिसत नाही.

दुसरी तक्रार एप्रिलच्या मध्यावर. घाट चढून माथ्यावरच्या आंबा गावात चहाला थांबले की गाडी स्लोवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की विझायचा. थंड गाडीत कधीच नाही. काकांनी फोनवर सांगितलं आणि वर जोडलं, "पण ऑइल एक थेंब खात नाय हां गाडी. पट्टी बघितली, फुल हाय."

डिझेलची तक्रार फिटरकडे आणि दिव्याची वायरमनकडे, अशी आपल्याकडची वाटणी. वायरमन म्हणाला, स्विच गेला. या स्विचचं काम इतकं साधं आहे की त्याला विचारून मी ते तिथेच समजून घेतलं. आत एक पातळ पडदा आणि एक संपर्क. इंजिन बंद असताना संपर्क जुळलेला असतो, वायर इंजिनच्या बॉडीला अर्थ होते आणि दिवा लागतो. ऑइलचा दाब आला की पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. हे साधारण अर्ध्या बारच्या आसपास होतं. याचा अर्थ असा, की चालू गाडीत दिवा लागला तर दाब "जरा कमी" नाही, जवळपास संपलेला आहे. लुकलुकतोय म्हणून दुर्लक्ष करायची ती वस्तू नव्हे.

तपासायला मीटरही लागत नाही. चावी ऑन, इंजिन बंद: दिवा लागला पाहिजे. स्विचवरची वायर काढली की विझला पाहिजे. काढलेली वायर बॉडीला टेकवली की पुन्हा लागला पाहिजे. वायर काढूनही दिवा जळतच राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. आमच्या गाडीत हे तिन्ही बरोबर होतं. तरी नवा स्विच टाकला, दोनशे ऐंशी रुपये आणि मजुरी शंभर. पुढच्या खेपेला आंब्यात दिवा पुन्हा लुकलुकला.

मधल्या काळात माझ्या भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन शेव्हरोले पिकअपचा, ६.५ लिटरच्या डिझेल इंजिनचा. त्यात डिझेल ओढणारा पंप विजेवर चालतो, आणि इंजिन चालू असताना त्याला करंट मिळतो तो ऑइल प्रेशर स्विचमधून! ऑइलचा दाब गेला की डिझेलही बंद, अशी ती योजना. स्विचचे संपर्क जळले की पंपाला वीज मिळत नाही आणि लोक बिचारे पंप बदलत बसतात. पाहून मला वाटलं, सापडलं. आमच्याही गाडीत डिझेलची तक्रार आणि ऑइलचा स्विच एकाच वेळी. काकांना फोन केला तर ते हसले. आमच्या फीड पंपाला वायरच नाही, तो कॅमवर चालतो. दुसऱ्याच इंजिनाचं निदान आपल्या गाडीला लावायचं नाही हे खरं, पण त्या व्हिडिओने एक किडा डोक्यात सोडला: या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल का? रत्नागिरीत फिटर आणि वायरमन दोघांना विचारलं. दोघेही नाही म्हणाले.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, २० एप्रिलला, पेट्यांनी भरलेली गाडी आंबा घाटात बंद पडली. रात्री साडेअकरा. घाटात फोन लागतो तिथे लागतो. काकांचा आवाज तुटत तुटत आला, तेवढ्यावरून कळलं की हँड पंप मारला की दोनशे-तीनशे मीटर चालते आणि पुन्हा मरते. आंबा थांबून राहत नाही. मलकापूरहून एक पिकअप मिळाली, घाटात जाऊन पेट्या उतरवून कोल्हापूरला नेण्याचे साडेसहा हजार. भाव तोडायला वेळही नव्हता आणि तोंडही नव्हतं. त्या रात्री मी जागीच होते. गाडी विकून टाकू आणि भाड्याने करू, हा हिशोब पहाटेपर्यंत दोनदा मांडून झाला.

सकाळी हँड पंप मारत मारत, दिव्यावर डोळा ठेवून, काकांनी गाडी कशीबशी घाटमाथ्यावर आंबा गावात आणली. मी एसटीने तिथे पोचले. कोल्हापूरच्या एका जुन्या मेस्त्रींचा नंबर मार्केट यार्डातल्या अडत्यांनी दिला होता. ते दुपारी मोटारसायकलवर आले, सोबत पाच लिटरचा डबा आणि पारदर्शक पाइप.

त्यांची पद्धत मला इतकी आवडली की सविस्तर लिहिते. आधी त्यांनी टाकीचं झाकण उघडून ठेवलं. झाकणाच्या श्वासाचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत निर्वात होतो आणि डिझेल येत नाही. तो संशय आधी संपवला. काही फरक नाही. मग टाकीची लाइन फीड पंपापासून सोडली, तिथे पारदर्शक पाइप लावला आणि दुसरं टोक डब्यात. डबा पंपापेक्षा उंच ठेवला. एअर काढली, गाडी चालू केली. मस्त चालली, रेस घेतली, मेली नाही. काका म्हणाले, म्हणजे टाकीची लाइन खराब.

"थांबा की," मेस्त्री म्हणाले, आणि तोच डबा त्यांनी खाली रस्त्यावर ठेवला. मिनिटाभरात गाडी आचके देऊन बंद.

पाइप तोच, डिझेल तेच, टाकी आणि लाइन मध्ये कुठेच नाही. डबा वर असताना डिझेल आपल्या वजनाने फीड पंपाच्या वॉल्व्हमधून उतरत होतं. खाली ठेवल्यावर पंपाला ते उचलावं लागलं आणि उचलता येईना. पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडेही नव्हते, डिझेल नुसतं उभं होतं. म्हणजे हवा नाही, लाइन नाही. फीड पंप. डबा उंच ठेवून गाडी चालली की बरेच जण तिथेच थांबतात आणि टाकी उतरवायला घेतात. डबा खाली ठेवणं हा त्या परीक्षेचा अर्धा भाग आहे. (करताना इंजिन गरम असेल तर पाइप सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि जवळ उभं राहून विडी ओढणाऱ्याला आधी लांब पाठवा. आमच्याकडे एक होतेच.)

मग मी दिव्याचं सांगितलं. मेस्त्रींनी काही न बोलता ऑइलची पट्टी काढली. फुलच्या खुणेच्या वर दोन बोटं ऑइल. बोटाला लावून वास घेतला, माझ्या हातात दिली. डिझेलचा भपकारा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला. मध्ये काळा ठिपका आणि भोवती फिकट, तेलकट वलय पसरत गेलं. ते म्हणाले, "ताई, ऑइल खात न्हाई म्हणून खूश व्हायचं न्हाई. वाढतंय, म्हंजे कुठनं तरी येतंयच की."

येत होतं फीड पंपातून. या पंपात कॅमचा धक्का पिस्टनपर्यंत पोचवणारी एक बारीक दांडी असते, ती आपल्या भोकात अगदी चपखल बसलेली असते. सील वगैरे नाही, नुसती घासून बसवलेली. ती झिजली की दांडीच्या कडेने डिझेल कॅमच्या बाजूला झिरपतं. इनलाइन पंपाच्या कॅमच्या पोटात इंजिनचंच ऑइल फिरतं, त्यामुळे झिरपलेलं डिझेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात. पंप डिझेल उचलत नाही, कारण पिस्टनही झिजलाय. आणि जे उचलतो त्यातलं थोडं ऑइलमध्ये सांडतो. ऑइल पातळ झालं की गरम गाडीत, स्लोवर, दाब टिकत नाही. दिवा लुकलुकतो. स्विच जुना असो की नवा, तो खरंच बोलत होता. एक झिजलेली दांडी, आणि आम्ही दोन माणसांना दोन वेगळी कामं देत होतो.

मेस्त्रींनी तिथेच सांगितलं, आता ही गाडी चालवायची नाही. आंब्यापासून कोल्हापूरपर्यंत टोचन करून नेली, चार हजार. टोचनला दोरी नको, लोखंडी बार मागा. घाटमाथ्यावरचे उतार आहेत आणि इंजिन बंद असताना ब्रेकची हवा भरत नाही.

कोल्हापुरात ज्या गॅरेजच्या आवारात गाडी उभी राहिली तिथल्या मालकाने दुसऱ्याच दिवशी मला एस्टिमेट दिलं: इंजिन उतरवणं, बेअरिंग, ऑइल पंप, क्रँक ग्राइंडिंग, पंच्याऐंशी हजार. "दाब गेलाय म्हणजे बेअरिंग गेली." असेलही. पण पातळ ऑइलवर दाब मोजून बेअरिंगचा निकाल कसा लावायचा, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी विषय बदलला. मेस्त्रींचा क्रम वेगळा होता आणि मला तो पटला: आधी डिझेल येणं बंद करायचं, मग नवं ऑइल भरायचं, मग स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजायचा, आणि त्यानंतर इंजिनला हात लावायचा की नाही ते ठरवायचं.

मोठा पंप उतरवून शिवाजी उद्यमनगरातल्या, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका लॅबमध्ये दिला. उतरवण्याआधी टायमिंगच्या (पंपाने कोणत्या क्षणी डिझेल सोडायचं त्याच्या) खुणांचे फोटो मोबाइलवर काढून घेतले. लॅबमध्ये रांग होती. ऊस संपला की तोडणी-वाहतुकीचे ट्रॅक्टर सगळे तिथेच येतात. आठ दिवस लागतील म्हणाले, बारा लागले. हंगामाचे बारा दिवस. त्या काळात भाड्याच्या गाड्यांवर जे गेलं ते मी दुरुस्तीच्या खर्चात धरलेलं नाही, धरलं तर रडू येईल.

लॅबमध्ये बेंचवर पंप फिरवून चारही नळ्यांतलं डिझेल काचेच्या भांड्यांत जमा करतात. मला समोर बसवून दाखवलं. दोन भांडी जवळपास सारखी, एक कमी, एक बरंच कमी. फीड पंप दुरुस्तीचा किट तेव्हा साडेचारशेला मिळत होता, पण किटमध्ये वॉल्व्ह, स्प्रिंगा आणि वायसर येतात. दांडीचं भोकच झिजलं असेल तर किटचा उपयोग नाही. म्हणून नवा फीड पंप, चोवीसशे. दोन एलिमेंट, दोन डिलिव्हरी वॉल्व्ह, ओव्हरफ्लो वॉल्व्ह, गॅस्केट, कॅलिब्रेशन आणि चारही नोझलची तपासणी धरून सगळं मिळून चौदा हजार आठशे. जुने भाग परत मागून घेतले आणि जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. दोन्ही आधीच सांगून ठेवा, नंतर मागितलं की "भंगारात गेलं" असं उत्तर येतं.

लॅबवाल्यांनी विचारलं, "डिझेल थोडं वाढवून देऊ का? चढाला पिकअप येईल." हा प्रश्न प्रत्येक मालकाला विचारतात आणि ड्रायव्हर लगेच हो म्हणतात. मी नको म्हटलं, कारण गाडीचं पासिंग ९ जूनला संपत होतं. वाढवलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि पीयूसीत गाडी अडकते.

इकडे मेस्त्रींनी ऑइल सोडलं. दहा लिटर भरलेलं असताना बारा-साडेबारा निघालं, आणि धार पाण्यासारखी. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरला. चमकणारा चुरा दिसला असता तर गोष्ट निराळी होती. किरकोळ सोडता काही नव्हतं. तरी चेंबर उतरवून त्यांनी एका बिगएंडची (पिस्टनची दांडी क्रँकला जोडते तिथली) कॅप खोलली. बेअरिंगवर रेघा होत्या, पण खालचं तांबं उघडं पडलेलं नव्हतं. कॅप परत टॉर्क पान्याने आवळली. या एका तपासणीचे त्यांनी पंधराशे घेतले आणि मला वाटतं सगळ्या बिलातला तो सर्वांत योग्य खर्च होता.

६ मेला पंप बसला. टायमिंग थेंब बघून लावलं. तांब्याचे सगळे वायसर नवे. जुने वापरायचेच असतील तर लालभडक तापवून पाण्यात विझवून मऊ करून घ्यावे लागतात, नाहीतर पुन्हा एअर. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. नंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये विश्रांती. घाईने सेल्फ जाळला तर त्याचा खर्च वेगळा.

स्विच काढून तिथे गेज लावला. थंड गाडीत साडेचार बार. माझं लक्ष त्यात नव्हतं, मला गरम गाडीचा आकडा हवा होता. काकांनी गाडी भरल्या वजनाने पन्हाळ्याच्या रस्त्याला नेऊन आणली आणि तशीच स्लोवर ठेवली. सव्वा बार. रेस घेतली की साडेतीन. मेस्त्रींनी मान हलवली. पंच्याऐंशी हजारांचं एस्टिमेट मी घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलले. कोपऱ्याकोपऱ्यांत जुनं डिझेलमिश्रित ऑइल राहतंच, म्हणून ही दुसरी बदली टाळू नये. दोन्ही वेळचं मिळून सात हजार दोनशे. मेस्त्रींची मजुरी, फेरी आणि ती तपासणी धरून सात हजार. टोचन आणि लॅब मिळवली की एकूण तेहतीस हजार, रत्नागिरीतले फिल्टर आणि स्विच वेगळे.

उरलं पासिंग. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं ते दर वर्षी. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि फी भरून तारीख घ्यायची. मुदत संपायला नको, म्हणून मी पंप लॅबमध्ये असतानाच ५ जूनची तारीख घेऊन ठेवली होती. विमा, पर्यावरण कराची पावती, स्पीड गव्हर्नरचं प्रमाणपत्र, चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा. रेडियमच्या पट्ट्या मागे लाल, बाजूला पिवळ्या, पुढे पांढऱ्या, त्याही प्रमाणपत्रासह. पीयूसीला अशा जुन्या गाडीसाठी धुराची मर्यादा ६५. आमचा आकडा ४१ आला. गाडी गरम करून न्या, थंड गाडीचा धूर जास्त येतो. निरीक्षकांनी ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर पाहिलं, केबिनमध्ये डोकावून विचारलं, "हे घड्याळ कसलं?"

गेज काकांनी काढूच दिला नव्हता. डॅशबोर्डच्या खाली पट्टी मारून बसवला आहे, आणि इंजिनवर टी लावून नवा स्विचही त्याच्या शेजारी. जुना स्विच, जो मुळात चांगलाच होता, टूलबॉक्समध्ये स्पेअर म्हणून पडला आहे. ऑइलची पट्टी रोज सकाळी बघून काका आकडा वहीत लिहितात, आणि आता खुणेपेक्षा जरा वर दिसली तरी मला फोन येतो.